तिसरा पुकारा

आजोबांचे गुडघे तीन मजले चढू देत नाहीत, म्हणून पेन्शन कचेरीच्या खालच्या बाकावर त्यांना बसवून मी एकटीच वर गेले. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पण डोळे मिटण्याआधी आजोबांना एकच गोष्ट कळायला हवी होती: त्यांचे वडील खरंच आजारी होते का? लढाईत छातीत विषारी धूर गेला, असं पणजोबा सांगत. लोक मात्र शेवटपर्यंत त्यांना 'सोंगाड्या' म्हणत राहिले.

"जरा मोठ्यानं बोल गं पोरी," तिसऱ्या मजल्यावरच्या दफ्तरखान्यातले कारकूनकाका म्हणाले, "माझे कान या फायलींपेक्षा जुने आहेत."

फाईल सापडली. तिला ओलसर कागदाचा आणि कसल्याशा कडू औषधाचा वास येत होता. शेवटच्या पानावर एवढंच होतं: 'तपासणीसाठी तीनदा पुकारा केला. अर्जदार गैरहजर. आजार खोटा ठरवून पेन्शन नामंजूर.'

"पुकारा म्हणजे?"

"पूर्वी डॉक्टर याच खोलीत बसायचे. शिपाई दारात उभा राहून नाव पुकारायचा. तिसऱ्या हाकेला माणूस 'हजर' म्हणाला नाही, की संपलं. थांब, दाखवतोच."

काका हसत दारात गेले आणि तोंडाशी हात धरून त्यांनी पणजोबांचं नाव पुकारलं. एकदा. दोनदा.

भर दुपार होती. खालून पाऊल वाजलं. चार पायऱ्या... मग थांबणं... मग फाटक्या भात्यासारखा श्वास. पुन्हा चार पायऱ्या...

"तुझे आजोबा का गं?"

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. आजोबा खाली बाकावरच होते, पेपर वाचत. जिन्यात कुणीच नव्हतं. श्वास मात्र दुसऱ्या मजल्यापर्यंत आला होता.

काकांचं हसू मावळलं. "मी... मी नाही हं आता तिसरी हाक देणार."

ती हाक आमच्या पाठीमागून आली. रिकाम्या खोलीतून, कोरड्या आवाजात.

पावलं घाई करू लागली. अडखळली. शेवटच्या पायरीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर, कुणीतरी बोलायचा प्रयत्न करत होतं. नुसती घरघर... शब्द नाही. तेव्हा मला कळलं. पणजोबा त्या दिवशी आले होते. 'हजर' म्हणण्यापुरताही श्वास त्यांच्यापाशी उरला नव्हता.

"हजर!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात बोलले नव्हते.

सगळं थांबलं.

खाली येऊन मी आजोबांना सगळं सांगितलं. ते रुमालात तोंड लपवून रडले. मग एकदम त्यांनी मान वर केली.

"हजर कोण म्हणालं?"

"मी."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. घर येईपर्यंत सोडलं नाही.

काल टपालानं पत्र आलं. सोमवारी तपासणी, तिसरा मजला. नाव माझं आहे. आजाराच्या रकान्यात लिहिलंय: धाप.

मला अजून तरी धाप लागत नाही.