गोल अंगठे

झोप येत असेल तर आत्ताच जा पोरांनो, ऐकल्यावर यायची नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. धर्माबादच्या आपल्या मकसूदभाईंची आहे, त्यांनी स्वतः मला रडत सांगितलेली. तीस एप्रिल दोन हजार पंचवीस, बुधवार. रात्री पावणेनऊला भाई बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमागच्या युनियनच्या खोलीत एक जुना कागद आणायला गेले. दुसऱ्या दिवशी कामगार दिन. जिनिंगच्या जुन्या संपातला शेवटचा हयात गडी म्हणून त्यांचा सत्कार होता, आणि तो कागद काचेत लावायचा होता.

कागद म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा मागण्यांचा अर्ज. अंगठे भाकरीसारखे गोल मारलेले, पहिला कोण ते मालकाला कळू नये म्हणून. लिहिणारे मकसूदभाई. "लिहिणाऱ्याचा अंगठा कशाला?" असं म्हणून स्वतःचा त्यांनी मारलाच नाही. शहाणा माणूस!

मालकानं त्यांना एकट्याला बोलावून विचारलं, "पहिला कुणाचा?" पहिला अंगठा मारणारा गडी सिद्रामप्पा; भाईंनी त्याच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. भाई मुनीम झाले. सिद्रामप्पाला उमरीपासून कंधारपर्यंत कुणी मालकानं दारात उभं केलं नाही. वर्षाच्या आत खोकून खोकून गेला बिचारा.

तर कागद हाती आला आणि लाइट गेली. बाहेर कुणीतरी खोकलं. तो खोकला भाईंच्या ओळखीचा होता.

"मकसूद..."

भाईंनी कागद छातीशी धरला.

"माझं नाव कुणी सांगितलं रं?"

"म्या... म्या न्हाई, अप्पा."

मग अगदी कानाशी...

"लेकीला सांग. उद्याच."

लाइट आली. खोलीत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मांडवात सिद्रामप्पाची लेक जगदेवीच शाल घालायला आली. हळूच म्हणाली, "मकसूदचाचा, आता तुमीच राहिलाव. माझ्या बापाचं नाव कुणी फोडलं हो?"

भाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण समोर टाळ्या, फोटोवाला, सारं गाव...

"काय म्हाईत, पोरी."

मला त्या माणसाची कीव येते, आणि चीडही.

जगदेवी काचेकडे बघतच राहिली. अंगठ्यांच्या गोलात, मधोमध, एक अंगठा. नवा. ओला. काचेच्या आत.

तिनं शालीखालचा भाईंचा हात ओढला. अंगठा निळाशार.

तिनं शाल तेवढी काढून घेतली.

कागद त्याच खोलीत आहे. वर्ष उलटलं. जाऊन बघा... मधली शाई अजून वाळलेली नाही.