खालच्या पाड्याचे नमुने

जनुकवाचक यंत्राने आणखी एक नमुना वाचला आणि पडद्यावर पुन्हा तीच खूण उमटली. डॉ. हेमांगी टिपणिसांनी डबीवरची चिठ्ठी पाहिली. खालचा पाडा, मूल दीड वर्षाचं.

खालच्या पाड्यात औषध दिलेलंच नव्हतं.

सातपुड्यातल्या एकाच ओढ्यावर हे दोन पाडे होते. वरच्या पाड्यातल्या मुलांना रक्षकजंतूचे थेंब पाजले होते. खालच्या मुलांचे, तुलनेसाठी, फक्त शौचाचे नमुने घ्यायचे होते. हगवणीचा जंतू आतड्यात जिथे चिकटतो, ती जागा हा निरुपद्रवी जंतू आधीच अडवून बसे. तो ओळखता यावा म्हणून हेमांगींनी त्याच्यात एक खूणजनुक घातलं होतं. ते निसर्गात कुठेच सापडत नाही.

"जुलाब दोन्हीकडे सारखेच कमी झालेत," संख्याशास्त्रज्ञ खोब्रागडे म्हणाले. "फरक नाही. कागदावर औषध निकामी ठरतं."

"आणि ही खूण? खालच्या चौसष्ट मुलांपैकी एकोणसाठ जणांत आहे."

"कुणीतरी थेंब पाजलेत. सेवंतीची बहीण तिथेच राहते ना?"

सेवंती पावरा ही तिथली आरोग्यसेविका. हेमांगींनी जाऊन तिला सरळच विचारलं. तिने वापरलेल्या आणि उरलेल्या कुप्या यादीसह पुढे मांडल्या. एकही कमी नव्हती.

"माझ्या बहिणीचा, गिरजाचा थोरला जुलाबाने गेला, मॅडम. धाकटीसाठी चोरावेत असं मनात आलं होतं. पण नाही चोरले. पेटी तुम्ही विश्वासाने दिली होती."

हेमांगींना विचारल्याची लाज वाटली. दोघी ओढ्याच्या काठाने खाली निघाल्या. वर काठावर मुलं शौचाला बसली होती. वळणापलीकडे खालच्या पाड्यातल्या बायका त्याच पाण्याने हंडे भरत होत्या. हेमांगी चालता चालता थांबल्या.

"हगवण ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने आपला जंतू गेला," परतल्यावर त्यांनी सांगितलं.

खोब्रागडे खूश झाले. "मग एका पाड्याला पाजलं की अख्खं खोरं सुरक्षित!"

"आणि नळ आला तर?"

"प्रसार थांबेल. चाळीस दिवसांत जंतू आतड्यातून निघून जाईल."

"म्हणजे पाणी घाण राहिलं, तरच आपलं औषध पसरणार."

"हे इतक्यात पाड्यावर बोलू नका. संमतीशिवाय औषध पोटात गेलं म्हटल्यावर प्रयोग बंद करतील."

"करू देत," हेमांगी म्हणाल्या.

खालच्या पाड्यातल्या आयांना त्यांनी सगळं सांगितलं. गिरजा वळवी धाकटीला मांडीवर घेऊन ऐकत होती.

"म्हणजे वरच्या मुलांची घाण आमच्या पोटात जाते."

"हो."

"त्या पाण्यानेच माझी ही पोरगी वाचली."

"हो."

"आणि थोरला त्याच पाण्याने गेला."

"हो, त्याच पाण्याने."

"हे कागदावर लिहून द्या," गिरजा म्हणाली.

हेमांगींनी लिहून दिलं. चौसष्टांत एकोणसाठ, खाली सही. बायका तो कागद घेऊन तालुक्याला गेल्या आणि कार्यालयाच्या पायऱ्यांवर तीन दिवस बसल्या. नळाचा अर्ज तिथे अकरा वर्षं पडून होता. ओढ्याचं पाणी चांगलं आहे, असं आता कुणाला म्हणता येईना. हिवाळ्यात दोन्ही पाड्यांत नळ आला. प्रयोग तोवर बंद झालाच होता.

चार महिन्यांनी हेमांगींनी पालकांना विचारून शेवटचे नमुने घेतले. खूणजनुक एकाही मुलात नव्हतं. हगवणीचा जंतूही नव्हता.

"सहा वर्षांचं काम गेलं," खोब्रागडे म्हणाले.

निकाल सांगायला हेमांगी पाड्यावर गेल्या. गिरजा नळावर भांडी घासत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"नळ कधीतरी बंद पडणारच, मॅडम. मग?"

"थेंब शीतपेटीत राखून ठेवलेत."

"मग तेव्हा आधी आम्हाला विचारा," गिरजा म्हणाली. "आणि आमच्या हातात द्या. वरून पाठवू नका."