दुसऱ्या खेळाडूची पट्टी

आधी लाईट गेली की आधी ते आकडे चढू लागले, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. वय झालंय, शिवाय त्या संध्याकाळी मी घाबरलो होतो. माझ्या आठवणीवर बेताचाच विश्वास ठेवा.

मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. २०१९च्या महापुरानंतर विजयसिंह हा माझा जुना विद्यार्थी मला शिवाजी पेठेतून कुरुंदवाडला त्याच्या घरी घेऊन गेला. त्याचा थोरला भाऊ धैर्यशील पुरात म्हशी सोडवायला गेला होता, तो परतलाच नाही. देह सापडला नव्हता. दर्भाचा पुतळा करून नृसिंहवाडीच्या घाटावर अंत्यविधी करायचं घरच्यांनी ठरवलं होतं. धैर्यशीलची बायको संयोगिता मात्र अडून बसली होती, ती माडीवरच्या पिनबॉलच्या, म्हणजे चेंडू टोलवून गुण मिळवायच्या खेळाच्या, यंत्रामुळं. धैर्यशीलनं ते हौसेनं आणलेलं.

"पाणी माडीवर चढलं न्हवतं, सर," विजयसिंह जिन्यात पुटपुटला. "यंत्राला काय झालेलं न्हाय. वैनीचंच जरा..."

"डोस्कं फिरलंय म्हणा की, भावजी!" वरून आवाज आला. "लाजताय कशाला?"

यंत्र जुन्या धाटणीचं होतं. पातळ काचेत कोंडलेला निऑन वायू, विजेनं उजळणारे गुणांचे नारिंगी आकडे, आणि प्रत्येक खेळाडूला अशा आकड्यांची स्वतंत्र पट्टी. संयोगितानं एकाच खेळाडूचं बटण दाबलं. तिचा चेंडू पडला आणि दुसऱ्या खेळाडूची पट्टी लुकलुकू लागली.

"बघा. एकटीच खेळतोय मी, आन् ह्ये म्हणतंय त्यांची पाळी हाय. रोज खेळायचो आम्ही दोघं." तिचा आवाज खाली आला. "बिघाड असंल तर तसं सांगा, सर. मग करू दे यांस्नी विधी. पण त्ये जित्तं असतील तर... जित्त्या माणसाला कसं जाळू?"

बिघाडच असणार, असं म्हणत मी यंत्राचं मागचं झाकण उघडलं. तेवढ्यात गल्लीतली लाईट गेली. सगळं यंत्र विझलं. ती एक पट्टी सोडून.

"कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. क्षणभर राहते," मी म्हणालो. कुणाला, कोण जाणे.

क्षण सरला. मी पट्टीची वायर उपटली, पट्टी हातात घेतली. काच थंडगार होती. वायरीविना, माझ्या तळहातावर, आकडे चढतच होते. खोलीत वास पसरला... पूर ओसरल्यावर घराघरांत येतो तो.

"सर, टाका खाली..." विजयसिंह कुजबुजला.

"थांबा," संयोगिता म्हणाली. "खेळ अर्धा सोडायची सवय न्हाय त्यांस्नी."

आकडा तिच्या मघाच्या आकड्याच्या पुढं गेला, थांबला आणि विझला.

"जिंकलं. संपला त्यांचा खेळ," ती म्हणाली. मग कोरड्या आवाजात, "भावजी, उद्या वाडीला जाऊया."

पट्टी तिला घरात नको होती. मी ती आणून कपाटात ठेवली, आणि त्या कपाटाला फारसा हात लावला नाही. माझ्या डोळ्यांची, हातांची शंका घेत राहिलो. अखेर गेल्या वर्षी प्रियदर्शनी या माझ्या विद्यार्थिनीनं ती प्रयोगशाळेत तपासली. काचेला कुठंही तडा नव्हता, जोड शाबूत होता. तरी आत वायूचा मागमूस नव्हता. तिनं माझ्यासमोर काच कापली.

आकड्यांच्या मागच्या फटीत नदीचा गाळ होता. अजून ओला.