बोडकीविना सोनकी

चंद्रावरच्या पुष्पघुमटात डॉ. अरुंधती देवस्थळी दोन कुंड्या शेजारी ठेवून भिंगातून पाहत होत्या. एकीत सोनकी: पिवळ्याधमक पाकळ्या, दातेरी पानं. दुसरीत तिचीच बहीण बोडकी. फुलाला पाकळीच नाही, नुसता गोंडा.

"बहीण म्हणे!" त्यांनी नाक मुरडलं. "ढेबे, घुमटातली सगळी बोडकी जाळा. हिचा पराग पडला तर सोनकीचा वंश बाटेल."

पृथ्वीवरची सोनकी संपली होती. उरली ती या दोनशे कुंड्यांत, आणि तीही एकाच देखण्या रोपाची प्रतिरूपं. बाकीची रोपं बाईंनी 'सुमार' म्हणून फेकली होती. प्रतिरूपाचं पुन्हा प्रतिरूप जगत नसे. झाड एकदाच फुलून मरे. यंदा बी हुकलं की खेळ खलास.

तंत्रज्ञ नामदेव ढेबे जावळीच्या पठारावर वाढलेला. "मॅडम, आमच्याकडं दोघी एकत्रच उगवायच्या. बोडकी उपटली की पुढच्या साली सोनकी विरळ."

"कुठे वाचलंत? की शेळ्यांनी सांगितलं?"

"शेळ्यांनीच. त्या दोन्ही खायच्या, नाकं मुरडायच्या नाहीत."

भट्टी पेटली.

सोनकी बहरली. ढेबेनं कुंचल्यानं फुलाफुलाला पराग लावला. तीन आठवड्यांनी गोंडे फोडले, तर आत पोचट फोलपटं.

"हात धुतले होते का?" बाई कडाडल्या आणि भिंगावर वाकल्या. "पराग रुजलेलाच नाही. फूल स्वतःचा पराग ओळखून नाकारतं. स्वपराग-नकार म्हणतात याला, तुम्हाला नाही कळायचं. इथे सगळी एकाच रोपाची. प्रत्येकीला दुसरीचा पराग स्वतःचाच."

"मग गेल्या वर्षी चाचणीच्या वीस रोपांनी बी कसं धरलं? तीही प्रतिरूपंच होती की."

त्या बियांचं पीठ करून बाईंनी जनुकं तपासली होती. बी निर्भेळ सोनकीचं निघालं, म्हणून 'सोनकीला स्वपराग चालतो, एक रोप पुरे' असा निबंधही लिहिला होता. पण तेव्हा शेजारी बोडकी होती! परका पराग पडला की फुलाची ओळख गोंधळते, आणि त्या गोंधळात स्वतःचा पराग आत शिरतो. बोडकी वंश बाटवत नव्हती, चालवत होती.

अजून चाळीसेक कळ्या उमलायच्या होत्या.

"ढेबे," बाईंनी भिंग खाली ठेवलं, "एखादी बोडकी कुठे राहिली असेल?"

"राहिल्या होत्या दोन, नळामागं. माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. त्या तुम्हीच चिमट्यानं उपटून भट्टीत टाकायला माझ्या हातात दिल्यात, मॅडम."