पिवळी रेघ

जावयाने हौसेने भली थोरली चाकं आणली आणि ती बसवायचं काम अर्थातच सासऱ्याच्या गळ्यात पडलं. सासरा मिस्त्री. अख्खा जन्म एकाच शेडमध्ये गाड्यांखाली काढलेला. गाडी आधीच खोलीएवढी, त्यात ही चाकं म्हणजे दोन नंबर मोठे बूट घालून मिरवण्यासारखं. पण लाडक्या जावयाला नाही कोण म्हणणार?

मिस्त्रीने दोन दिवस खपून काम केलं. स्टेअरिंग पुरतं वळवलं की टायर मडगार्डला आतून घासत होता, तिथलं प्लास्टिक कापलं. पुढच्या सस्पेन्शनचे झिजलेले रबर बदलले. शेवटी प्रत्येक चाकाचे सहा सहा नट आवळले. पाना कट् म्हणाला की नट बसला. मग बारीक ब्रशने नटावरून थेट रिमपर्यंत पिवळी रेघ ओढली. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून कळतं.

ही रेघ मिस्त्रीच्या थोरल्या भावाची, दादाची पद्धत. दादाचा नियम असा, की एकाने आवळायचं, दुसऱ्याने पाना लावून बघायचं, मगच रेघ. दादाच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता, पण कामात त्याच्यासारखा कोणी नव्हता. काढलेले नट तो स्टीलच्या वाटीत एकेक करून टाकायचा. टण्ण. टण्ण. एक दिवस तो एका गाडीची चाचणी घ्यायला गेला, मागचं डावं चाक निखळलं आणि दादा परत आलाच नाही. मिस्त्रीने सगळ्यांना सांगितलं, नटच खराब होते. घरच्यांचा विश्वास बसला.

खराब काही नव्हतं. त्या दिवशी घाई होती. धाकट्याने, म्हणजे मिस्त्रीनेच, नट नुसते बोटांनी बसवले, वर रेघा ओढल्या आणि आवळायचं राहिलं. दादाने ताज्या रेघा बघितल्या आणि पाना न लावता किल्ली उचलली. भावावर भरवसा ठेवला, एवढीच त्याची चूक. ही गोष्ट मिस्त्रीने बायकोलासुद्धा कधी सांगितली नाही.

तर काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने शेड उघडलं. मागच्या डाव्या चाकाच्या सहाही रेघा तुटल्या होत्या. नट बोटाने फिरत होते. कुलूप जागच्या जागी, किल्ली त्याच्याच खिशात. त्याने मुकाट्याने पुन्हा आवळले, पुन्हा रंग लावला. चहा पिऊन येतो तर परत तेच. तिसऱ्या वेळी आवळून तो चाकासमोर स्टूल टाकून बसला, डोळ्यांत तेल घालून. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारी कोणी पत्रा ठोकत होतं. रॉकेलने धुतलेल्या हातांचा वास आला. दादा तसेच हात धुवायचा. मिस्त्रीला शिंक आली, क्षणभर डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा रेघा तुटलेल्या होत्या.

त्याची पाचावर धारण बसली. त्याने नट चौथ्यांदा आवळले, रेघा ओढल्या.

दुपारी लेक, जावई आणि तीन वर्षांची नात निघायच्या तयारीनेच आले.

"आज नका जाऊ," मिस्त्री म्हणाला. "चाक... मला बरं दिसत नाही."

जावई वाकून बघून आला. "बाबा, सगळ्या रेघा एकसंध आहेत. तुम्ही ओढलेल्या रेघेवर माझा डोळे झाकून भरवसा."

रेघा खरंच धड होत्या. अडवायचं तर दादाचं नाव घ्यावं लागणार, आणि दादाचं नाव घेतलं की पुढचंही सांगावं लागणार. मिस्त्री बाजूला झाला. नातीने खिडकीतून हात हलवला आणि गाडी वळणापलीकडे गेली.

तासाभराने लेकीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही माणूस पाठवलात होय? घाटाच्या तोंडाशी त्याने हात करून गाडी थांबवली. मागच्या डाव्या चाकापाशी बसलाय."

"कसा... कसा दिसतो?"

"म्हातारा नाही काही. डाव्या हाताला अंगठा नाही बघा." ती जरा थांबली. "बाबा, तो म्हणतोय, विचार तुझ्या बापाला, त्या दिवशी आवळले होते का?"

मिस्त्रीने भिंतीला हात टेकला.

"नाही," तो म्हणाला. "नाही आवळले, दादा. माझं चुकलं. पोरीला सोड... तिचा काय दोष..."

मग आवाज आला. टण्ण. मिस्त्री मोजत राहिला. दोन. तीन. सहाव्या आवाजाला त्याला उमगलं, की आवाज फोनमधून येत नव्हता. पाठीमागून येत होता.

"झालं वाटतं बाबा," लेक म्हणाली. "गेला तो. छान रेघासुद्धा ओढल्यात. निघतो आम्ही."

"थांब... थांब गं, उतरा खाली..."

फोन बंद झाला होता. त्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. लागेना.

तो वळला. टेबलावर दादाची वाटी होती. किती तरी वर्षांपूर्वी त्याने ती स्वतःच्या हाताने विहिरीत टाकली होती. वाटीत नव्या चाकांचे सहा नट होते. त्याने एक उचलला. पिवळा रंग ओला होता, बोटाला लागला.