अप्पांचा दुसरा प्रश्न

शेळीपालक संघाच्या ऑफिसात माणसं अर्ज घेऊन येत, तक्रारी घेऊन येत, फारच चिडली तर सोबत दोन मेहुणे घेऊन येत. त्या दिवशी मात्र एक जण थेट शेळीच घेऊन आला. तीही दोरीला धरून नव्हे... लहान लेकराला घ्यावं तशी, दोन्ही हातांत उचलून. बाहेर श्रावणातली भुरभुर चालू होती. शेळी भिजलेली, तो भिजलेला आणि दोघंही सारखेच रागावलेले.

"म्याडम, ही बघा. दिसती का?"

शिवरंजनीने कीबोर्डवरून मान वर केली. "दिसते की."

"हात लावून बघा. खरी हाय का खोटी?"

तेवढ्यात शेळीने टेबलावरच्या हजेरीपटाचा कोपरा तोंडात धरला.

"खरीच आहे," कागद सोडवत शिवरंजनी म्हणाली. "का हो?"

"मग तुमच्या लशीच्या यादीत का न्हाय? माझ्या बावीस शेळ्या व्यायल्यात. यादीत नऊ. बाकीच्या तेरा तुमच्या कंप्युटरनं खाल्ल्या का काय?"

त्याचं नाव गौरीशंकर. जवळच्याच वस्तीवर राहणारा, शेतीची पदवी घेऊन हौसेनं शेळ्या पाळणारा. आणि शिवरंजनी ही अणदूरच्या भांड्यांच्या दुकानवाल्या शिवलिंगप्पांची एकुलती एक लेक. सोलापुरातून बीसीए करून आली, ती शेळ्यांची नोंद ठेवायला संघात लागली. लशीची यादी काढणारी रुबी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, तिने स्वतःच्या हाताने लिहिली होती. तिचा तिला अभिमान होता, आणि तो थोडा जास्तच होता.

"चूक तुमच्या नोंदणीत असेल," ती म्हणाली. "स्क्रिप्टमध्ये नाही. बसा. आणि तिला... तिलाही बसवा."

"मैना बसत नसती. ती हुबी राहूनच न्याय बघणार."

शिवरंजनीने ओठ आवळून हसू दाबलं आणि त्याच्या शेळ्या पडद्यावर आणल्या. यादीतल्या नऊ शेळ्यांना प्रत्येकी एक करडू होतं. गळालेल्या तेरांना जुळी होती. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

घोळ असा होता. करडू एक असलं की शेळीच्या नावापुढे करडांच्या रकान्यात त्याच्या कानातल्या बिल्ल्याचा आकडा यायचा. जुळं असलं की दोन आकड्यांची यादी. स्क्रिप्टची पहिली अट होती, रकान्यात आहे तो आकडा आहे का? जुळ्यांच्या आयांपाशी आकडा नव्हता, यादी होती. उत्तर आलं 'नाही', आणि रुबीने पुढचं काही न विचारता त्यांना बाजूला सारलं. कुठे कुरकुर नाही, कुठे लाल अक्षर नाही. आता उस्मानाबादी शेळी नावाजलेली तीच जुळ्यांसाठी, आणि तिच्या मुलखात राहून जुळी विसरायची म्हणजे कमालच झाली.

"चूक... माझीच आहे," ती म्हणाली.

गौरीशंकरचा चेहरा एकदम पडला. "असं लगीच कबूल केल्यावर भांडायचं कसं हो? वाटंनं सगळं पाठ करत आलतो मी."

आता मात्र ती खळखळून हसली. तो बघतच राहिला... आणि मैनाने हजेरीपट निवांतपणे परत तोंडात घेतला.

"पर एक सांगा," भानावर येत तो म्हणाला. "वय किती, मागची लस कधी, हे तरी इचारायचं की. पहिल्याच पायरीवरून हाकलून दिलं?"

"मीच तसं शिकवलंय. दोन अटी 'आणि'ने जोडल्या, की पहिली खोटी निघताच रुबी थांबते. दुसरीकडे ढुंकून बघत नाही. मागच्या लशीची तारीख दूरच्या सर्व्हरवरून मागवावी लागते, आणि आपल्याकडचं नेट तुम्हाला माहीतच आहे. म्हणून सोपी अट आधी, वेळखाऊ अट नंतर. चार हजार शेळ्या दोन मिनिटांत होतात."

"ही रुबी कोण?"

"भाषा आहे ती."

"मला वाटलं मैतरीण. लई कौतुकानं नाव घेताय."

"आमच्या अप्पांसारखीच आहे ती," शिवरंजनीच्या तोंडून निघून गेलं. मग थांबता आलं नाही. "स्थळ ओट्यावर टेकलं की अप्पा पहिला प्रश्न विचारतात... नोकरी आहे का? नाही म्हटलं की गूळपाणी देऊन वाटेला लावतात. चहा चुलीवर चढतच नाही."

"आन् दुसरा प्रश्न?"

"असतो म्हणतात. पण तिथवर कुणी पोचलंच नाही. एक जण परीक्षा देत होता, एक कंत्राटी निघाला. तिसऱ्याची नोकरी होती, पण तो ती सोडणार होता, आणि हे त्याने स्वतःच सांगितलं."

"म्हंजे तुमच्या आईलाबी ठावं न्हाय?"

"अव्वालाही नाही."

बोलता बोलता तिने दुरुस्ती केली होती. आता आकडा की यादी, हे विचारायचंच नाही. करडू एक असो, दोन असोत, आधी सगळ्यांना यादीतच बसवायचं आणि मग पुढचं बघायचं. स्क्रिप्ट पुन्हा चालवली तशी नावं भराभर खाली सरकू लागली. मैनाचं नाव दिसताच गौरीशंकरने पडद्यावर बोट ठेवलं. त्याच्या तेरा परत आल्याच, पण तालुक्यातल्या आणखी तीनशेवर शेळ्या सापडल्या. लस वेळेवर टोचली गेली. गौरीशंकर मैना घेऊन आला नसता तर काय झालं असतं, हे मनात येऊन शिवरंजनीला दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्यानंतर त्याची कामं फार निघू लागली. आज बिल्ला तुटला, उद्या नवा हवा, परवा जुनाच सापडला. येताना कधी रुमालात ओल्या शेंगा असत, कधी उकडलेलं कणीस. ती "कशाला हो आणता?" म्हणे आणि एकही शेंग मागे ठेवत नसे. नोंदीसाठी ती वस्तीवर गेली, तेव्हा करडू कसं धरायचं ते त्याने दाखवलं. छातीशी, चारी पाय एका हातात. दाखवताना त्याचा हात तिच्या हाताला लागला... आणि दोघांनीही तो लगेच काढला नाही. करडू बिचारं ओरडून थकलं.

भाद्रपद सरता सरता एका दुपारी तो रिकाम्या हाताने आला. शेंगा नाहीत, बिल्ला नाही, काही नाही.

"आज काय तुटलं?" तिने हसत विचारलं.

"काय न्हाय. म्याडम... मला तुमी लई आवडता. माझ्यासंगं लगीन कराल का?"

खिडकीबाहेर एसटी गेली, तिकडे बघत शिवरंजनीने टेबलावरचा हजेरीपट उगाच सरळ केला. मग म्हणाली, "आधी अप्पांचं होऊ दे."

"त्यांच्या पहिल्याच प्रश्नाला मी 'न्हाय'." तो हसला, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. "तरी येतो. रविवारी."

तो गेला आणि तिला स्वतःचा राग आला. त्याने तिला विचारलं होतं, अप्पांना नाही. सोपी अट आधी, अवघड नंतर. ही शिस्त तिने आपल्या मनालाही लावली होती. अप्पा 'नाही' म्हणाले की आपल्याला उत्तर द्यायलाच नको! केवढी सोय. आणि त्या सोयीपायी तो रविवारी गूळपाणी पिऊन कायमचा निघून जाणार होता. तो आवडतो, भयंकर आवडतो, हे तिला मैनाने हजेरीपट खाल्ला त्या दिवसापासून माहीत होतं.

घरी येऊन तिने आईला, म्हणजे शरणम्मा अव्वाला, सगळं सांगितलं. अव्वाने भाकरी थापता थापता ऐकलं.

"मग मी काय करू म्हणतीस?"

"चहा आधी ठेव, अव्वा. प्रश्नाच्या आधी."

अव्वाच्या हातातली भाकरी थांबली. समोर ठेवलेला चहा या घरात कधी माघारी गेला नव्हता, आणि चहा संपेपर्यंत पाहुण्याला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं.

रविवारी गौरीशंकर पांढरा शर्ट घालून ओट्यावर आला. "बर्री, कूड्री," अप्पांनी कानडीत बसायला सांगितलं, घसा साफ केला... आणि प्रश्न ओठांवर येतो तोच अव्वा ट्रे घेऊन बाहेर आली.

"एवढ्यात?" अप्पा चकित झाले.

"आधण लवकर आलं," अव्वा निर्विकारपणे म्हणाली.

अप्पांनी कपाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. तरी विचारलंच, "नोकरी?"

"न्हाय जी. शेळ्या हायत."

ठरल्याप्रमाणे इथे सगळं संपायला हवं होतं. पण कप भरलेला होता. इतका हळू चहा अणदुरात कुणी प्यायला नसेल. गौरीशंकर एकेक घोट मोजून घेत होता. दाराआड शिवरंजनी चौकटीला घट्ट धरून उभी होती.

"गप का?" अव्वा म्हणाली. "तुमचा दुसरा सवाल असतोय ना? इचारा की. आमालाबी कळू द्या."

अप्पांनी टोपी काढली, परत घातली. मग मान वळवली, पण गौरीशंकरकडे नाही... दाराकडे.

"रंजू, बाहेर ये. तुला ह्यो पोरगा आवडतो का?"

"हा... हा दुसरा प्रश्न? मला?"

"तुलाच. दुसरं कुणाला इचारणार?" अप्पांनी खांद्यावरचा पंचा चाचपला. "म्हणून तर पहिला अवघड ठिवला गं. तू व्हय म्हणलीस की माझं घर रिकामं."

शिवरंजनीचे डोळे भरून आले. अप्पा आणि आपण एकाच मातीचे, हे तिला त्या क्षणी कळलं. दोघंही खऱ्या प्रश्नाला भिऊन त्याच्या आधी दुसराच प्रश्न उभा करणारे. ती ओट्यावर आली. गौरीशंकरचा कप अर्ध्यावर थांबला होता.

"व्हय, अप्पा," ती म्हणाली, आणि मग त्याच्याकडे बघून, "मला तुम्ही आवडता. लई आवडता. त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं."

गौरीशंकर कप हातात असतानाच असा काही उठायला गेला, की उरलेला चहा पांढऱ्या शर्टावर सांडला. अप्पांनी पंच्याने डोळे पुसले, तोच पंचा गौरीशंकरपुढे केला आणि अव्वाला हाक दिली, "अगं, ऐकलंस का? जावईबापूंचा कप रिकामा झालाय."