धरलेली गाडी

आधीच सांगते, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. मीही अशा गोष्टींना हसत होते. परवापर्यंत.

आणि रात्रबित्र काही नव्हती. चांगली भर दुपार होती. गेल्या वर्षीची चैत्री अमावास्या, रविवार. जागा नागाव, समुद्रापासून थोडी आत, माझ्या मावसबहिणीच्या सासरची वाडी.

क्षिप्रा तिचं नाव. शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कोणी भुताचं नाव काढलं तर त्याला फळ्यापाशी उभं करून पुरावा मागणारी बाई. तिच्या तोंडून ऐकलं म्हणून विश्वास ठेवला, नाहीतर मीही कान झटकून मोकळी झाले असते.

तिचा नवरा यशोधन, धाकटा दीर श्रेयस. दोघांना जुन्या गाड्यांचं वेड. एरवी दोघे नोकरदार, पण रविवार उजाडला की हात कोपरापर्यंत काळे.

गंजलेला बोल्ट एकट्याने निघत नाही. एकाने अलीकडून फिरवायचा, दुसऱ्याने पलीकडचा नट पान्याने घट्ट धरायचा. नाहीतर दोन्ही सोबतच फिरतात आणि काम जागच्या जागी. त्यामुळे वाडीतून दिवसभर तेच ऐकू यायचं.

"धर."

"धरलं."

"सोड."

"सोडलं."

क्षिप्रा म्हणायची, "श्रेयसभावजींच्या लग्नात अंतरपाट तूच धर, यशोधन. तू सोड म्हटल्याशिवाय ते माळ घालायचे नाहीत."

ही गाडी त्यांना आगरदांड्याला मिळाली. जेट्टीच्या जवळ सदू म्हणून एक म्हातारा राहतो, त्याच्या परड्यात. कित्येक वर्षं खाडीच्या काठाला उभी. सदूने जवळजवळ फुकटच दिली. एवढंच म्हणाला...

"न्या. पन खोलू नका. धरलेली हाय ती."

श्रेयस हसला. "खाऱ्या वाऱ्यात धरणारच की हो!"

आता आपण म्हणतोच ना, गंज धरला, बोल्ट धरला. त्यांनी तोच अर्थ घेतला. कोणीही तोच घेतला असता.

गाडी टेम्पोवरून वाडीत उतरली तेव्हा क्षिप्राने कपाळावर हात मारला. "घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं!"

पुढच्या चाकांच्या मागे, सस्पेन्शनचे बोल्ट. तेच काही केल्या निघेनात. रॉकेल पाजलं, डिझेल पाजलं, हातोड्याने ठोकून ठोकून सगळी आळी जागी केली. पान्याला लांब पाइप लावून दोघे लोंबकळले. ढिम्म.

"गॅस कटरवाल्याला आणतो," श्रेयस शेवटी म्हणाला.

त्या रविवारी तो सकाळीच मागच्या दारातून स्कूटर घेऊन अलिबागला गेला. क्षिप्राला किंवा यशोधनला हे ठाऊक नव्हतं. ती स्वयंपाकघरात होती. खिडकीतून विहीर दिसते, विहिरीपलीकडे फणस आणि फणसाखाली ती गाडी. पण मध्ये केळी आहेत, त्यामुळे माणूस दिसत नाही. नुसते आवाज येतात.

यशोधनचा आवाज आला. "धर."

"धरलं."

मग कर्र... असा मोठा आवाज. इतक्या दिवसांनी बोल्ट हलला होता.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" यशोधन ओरडला.

क्षिप्राला बरं वाटलं. चला, एकदाची ब्याद गेली. तिने दोन पेल्यांत कोकम सरबत केलं. भावजींना साखर जास्त लागते म्हणून एकात चमचाभर जास्त घातली.

"धर."

"धरलं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. श्रेयस.

"वहिनी, दादा फोन का उचलत नाहीये? कटरवाला जेवायला गेला, आज येणार नाही म्हणतो. मी परत निघालोय. आक्षी गावापर्यंत आलोय."

क्षिप्रा हसणार होती. तिला वाटलं चेष्टा चाललीय.

आणि फोन कानाला असतानाच, वाडीतून...

"धरलं."

तिच्या हातातला चमचा खाली पडला.

श्रेयसचा आवाज फोनमध्ये होता. पाठीमागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. आणि वाडीतला आवाज... तो श्रेयसचा नव्हताच. इतका वेळ ती ऐकत होती आणि तिला कळलंच नव्हतं. जाड, ओला आवाज, तोंडात पाणी असल्यासारखा.

"भावजी, लवकर या," एवढंच ती बोलू शकली.

ती धावली. केळी ओलांडल्यावर तिला जाणवलं... कावळे नाहीत. शेजारच्या वाडीतला पंप बंद. समुद्राची गाज चोवीस तास असते, ती नाही. झावळ्यासुद्धा हलत नव्हत्या.

गाडी जॅकवर होती. पुढचं चाक काढून बाजूला ठेवलेलं. अलीकडून यशोधनचे दोन पाय बाहेर. चपला शेजारी नीट ठेवलेल्या.

पलीकडे कोणी नव्हतं.

पण पाना होता... नटावर लावलेला. आडवा, ताठ. कोणी दाबून धरावा तसा.

आणि त्याच्याखालची माती ओली. चैत्रातली भाजून निघालेली माती, आणि तिथे पाणी. उकिडवं बसलेल्या माणसाच्या दोन पावलांएवढं. खाडीच्या चिखलाचा घाणेरडा वास सुटला होता.

गाडीखालून यशोधनचा वैतागलेला आवाज आला. "श्रेयस, सोड रे. मस्करी पुरे. माझं मनगट कशाला धरतोस?"

क्षिप्रा गाडीपाशी वाकली. हळूच म्हणाली.

"यशोधन... भावजी आक्षीला आहेत."

गाडीबाहेरचे पाय एकदम हलायचे थांबले.

मग हळू, लहान मुलासारखं...

"मग हे कोणी धरलंय गं?"

ती खाली बसली आणि तिने त्याचे दोन्ही पाय पकडले. ओढलं. जीव खाऊन ओढलं. तो तसूभरही सरकेना. आत खेचल्यासारखा उलट जड होत चालला. "सोड! सोड त्याला!" ती किंचाळत होती. ज्याला सांगत होती त्याला सोड हा शब्दच माहीत नव्हता.

जॅक कलला.

कर्र... कर्र...

यशोधन रडायला लागला. चाळिशीचा बाप्या, आईला हाका मारायला लागला.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर आदळल्याचा आवाज. श्रेयस धावत आला. वहिनी पाय ओढतेय, जॅक पडतोय, एवढंच त्याने पाहिलं असणार. लहानपणापासून त्याची जी जागा, तिथेच तो गेला. पलीकडे. त्या ओल्या मातीवर उकिडवा बसला आणि त्याने पाना पकडला.

"दादा, मी धरलंय! वहिनी, ओढा!"

त्याच क्षणी पाय हलके झाले.

एका झटक्यात यशोधन बाहेर आला. जॅक आडवा झाला आणि गाडी धप्पकन खाली बसली. श्रेयस पान्यासकट मागे उताणा पडला.

कावळे ओरडायला लागले. पंप सुरू झाला.

दोघे वाचले. क्षिप्रा देवाचं नाव घेत तिथेच बसली. नास्तिक बाई, पण त्या दिवशी तिने सगळ्या देवांची नावं घेतली.

तिला एकच गोष्ट तेव्हा खटकली. यशोधन नखशिखांत भिजलेला होता. तिला वाटलं, घाम.

श्रेयसच्या मुठीतून पाना काढायला दवाखान्यात दोन माणसं लागली. पाना निघाला आणि मूठ पुन्हा मिटली. ती आजतागायत उघडलेली नाही. अलिबागला दाखवलं, मुंबईला दाखवलं. हाड ठीक, नस ठीक. डॉक्टर म्हणतात, मनाचं आहे.

तेव्हापासून श्रेयस बोलत नाही. नोकरी सुटली. दिवसभर गाडीच्या पलीकडच्या बाजूला, उकिडवा, मूठ मिटून बसलेला असतो. जेवणसुद्धा तिथेच भरवावं लागतं.

आणि यशोधन?

यशोधन ठणठणीत आहे. पण क्षिप्रा म्हणते, तो आता कमी बोलतो. उशीच्या अभ्र्यावर गंजासारखे तांबडे डाग पडतात, धुतले तरी जात नाहीत. भरतीच्या वेळी उठून विहिरीपाशी जाऊन उभा राहतो. सख्खा भाऊ असा बसलाय, पण त्याच्याजवळ कधी फिरकत नाही.

"अरे, एकदा तरी त्याला सोड म्हण ना," क्षिप्रा गयावया करून म्हणाली. "तुझंच ऐकेल तो."

यशोधनने शांतपणे तिच्याकडे पाहिलं. "नको. सोडायला नको."

शेवटी ती एकटी आगरदांड्याला गेली. सदू अंगणात जाळं शिवत बसला होता. तिला पाहिल्यावर त्याने ओळखलं.

"सांगितलं व्हतं ना बाय, धरलेली हाय म्हनून."

"आम्हाला वाटलं, गंजाने."

सदूने जाळ्याची सुई खाली ठेवली. "ही गाडी खोलताना त्याला भाऊ बोलला, धर, आलोच मी. आन् गेला. सोड बोलायला माघारी आलाच न्हाय. भरती मातर आली."

"कोण होता तो? कोणाचा भाऊ?"

 उलट सदूनेच विचारलं, "तुमचं मानूस आलं ना भाईर?"

"आलं."

"...नीट बघून घेतलंव का?"

आणि तो जाळं तिथेच टाकून घरात गेला. आतून कडी लावली.

हे सगळं क्षिप्राने मला परवा फोनवर सांगितलं. मी तिला समजावत होते. धक्का बसलाय तुम्हा सगळ्यांना, काही दिवस माझ्याकडे भायखळ्याला येऊन राहा, असं बरंच काही बोलत होते. ती मध्येच म्हणाली, "ताई, आज श्रेयस बोलला."

"अगं मग चांगलंच आहे की!"

"मी त्याला भात भरवत होते. म्हटलं, भावजी, सोडा ना आता. संपलं सगळं. तर तो माझ्याकडे बघून म्हणाला..."

 तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"म्हणाला, वहिनी, कसं सोडू? दादा अजून खाली आहे. मी सोडलं तर गाडी त्याच्यावर येईल."

मी उठून उभी राहिले.

"ताई," ती अगदी हळू बोलली, "त्या दिवशी मी पाय धरून ओढलं... ते कोणाला?"

  मी म्हटलं, तू आत्ताच्या आत्ता घरातून बाहेर पड. चपला घाल नि नीघ. श्रेयसचं नंतर बघू.

तेवढ्यात तिच्या मागून आवाज आला. यशोधनला मी वीस वर्षं ओळखते. तो आवाज त्याचाच होता. जवळजवळ त्याचाच.

"क्षिप्रा... जरा इकडे ये. हे धर."

"धरू नकोस!" मी ओरडले. "क्षिप्रा, कशालाही हात लावू नकोस!"

तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. मग बराच वेळ काहीच नाही... पंपाचा आवाज नाही, समुद्राचा नाही.

आणि मग, लांबून, माझ्या बहिणीचा आवाज.

"धरलं."

त्यानंतर तिने फोन उचललेला नाही. उद्या पहिल्या रो-रो बोटीने मी मांडव्याला उतरतेय, तिथून नागाव. खरं सांगते, पाय निघत नाहीये. पण सोड म्हणायला कोणीतरी परत जायलाच हवं, आणि ती बहीण आहे माझी.